वसमतच्या स्टँडवर माझी पिशवी हिसकावणारी बाई

त्या दिवसाचा उलगडा मला अजूनही नीट झालेला नाही. लेकीचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं, आणि नवसाचं चांदीचं बेलपान घेऊन मी साताऱ्याहून एकटीच औंढ्याच्या नागनाथाला निघाले होते. श्रद्धेनं निघाले की भीतीनं, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

वसमतच्या स्टँडवर लेकीचा फोन आला. बेलपान नीट आहे ना, तिनं विचारलं. बोलता बोलता मला रडू आलं. थोड्या वेळानं कपाळाला भस्म लावलेले एक गृहस्थ समोर येऊन हलकेच म्हणाले, "माताजी, लेकीची चिंता घेऊन आलात ना?" ह्यांना कसं कळलं, याचं मला नवल वाटलं. त्यांनी सांगितलं, मंदिर आज संध्याकाळपर्यंत बंद आहे. जवळच एक सिद्धपुरुष आहेत, बेलपान आधी त्यांच्या हातून सिद्ध करून घ्या, नाहीतर नवस पोचत नाही. त्यांची जीप उभीच होती. नागनाथानंच माणूस धाडला, असं मला वाटलं.

शेजारच्या बाकावर निळ्या साडीतली एक बाई बसली होती. ती म्हणाली, "बाई, मंदिर चालू हाय. ह्याच्या संगं जाऊ नका."

"ही रोज इथं असते, परक्या माणसांना फसवते," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

अनोळखी माणसांपासून जप, असं लेकीनं निघताना बजावलं होतं. मी त्या बाईकडे पाठ फिरवली. जीपमध्ये पाय ठेवणार, तोच तिनं माझ्या हातातली पिशवी हिसकावली आणि सुटायला आलेल्या औंढ्याच्या एसटीत चढली. चोर, चोर ओरडत मी धावले, कशीबशी दांडी धरून चढले आणि बस हलली.

ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ती माझ्यापुढे धरली. "बघून घ्या, सगळं बराबर हाय का."

बेलपान जागच्या जागी होतं. "मग घेतली काहून?" मी तिच्याच बोलीत विचारून बसले.

"सांगून पायलं, तुमी ऐकून कुठं राहिल्या? आमच्या गावच्या पाव्हणीला त्यानं असंच नेलं. गळ्यातलं काढून घेतलं अन् माळावर सोडून दिलं. तुमी फोनवर मोठ्यानं बोलत व्हत्या, तो मागंच उभा व्हता."

मी हात जोडले. म्हटलं, नागनाथानंच तुम्हाला पाठवलं.

ती हसली. "मी नर्स हाय, ड्यूटीला चालले. आमी बुद्धाला मानणारी माणसं, बाई. मला कोणी पाठवलं न्हाई." पुढच्या फाट्यावर ती उतरून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. चोर म्हटल्याची माफीही राहिली.

मंदिर उघडंच होतं. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, जवळजवळ बसतच मी खाली गाभाऱ्यात उतरले आणि बेलपान वाहिलं. लेकीसाठी काय काय मागायचं, ते वाटभर घोकलं होतं, पण त्यातलं काहीच मागावंसं वाटेना. ज्याला कृपा समजले तो ठक निघाला, आणि जिला चोर म्हटलं तिनं मला वाचवलं. मग लेकीचं भलं कशात आहे, ते तरी मला कुठं कळणार होतं? तुला कळतं ते कर, एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं. लेक हळूहळू सावरते आहे. रोज दिवा लावताना मी नागनाथाचे आभार मानते, आणि मग त्या नर्सबाईचेही, वेगळे. कारण तिला कोणी पाठवलं नव्हतं, असं ती स्वतःच म्हणाली होती.