उजवा हात कुठे पुरला?

औंधच्या जत्रेत भूतबंगल्याचा तंबू लागायचा, त्याच्या पाट्या मी रंगवायचो. हडळीचे सुळे, कवटीचे डोळे, सगळं माझ्याच ब्रशचं. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं... खरं सांगतो, आजही नाही. पण जे झालं ते झालं. वाचून हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कराडात पेंटर होतो — दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या ओळी. गाव औंधजवळ. शेती, गुऱ्हाळ, पैसा, सगळे व्यवहार थोरल्या भावाकडे, अण्णाकडे. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. मी माझी कमाईसुद्धा त्याच्याच हातात द्यायचो. अण्णाला काय हिशेब विचारायचा?

गुऱ्हाळ सुरू झालं की मी गावी मदतीला जायचो. त्या वर्षी चरकात ऊस सारताना सदऱ्याची बाही अडकली आणि उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. इंजिन बंद करून, रूळ सैल करून हात बाहेर काढला, आणि अण्णानं जीपमधून कराडच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. वाटभर माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. "भिऊ नगंस गड्या, मी हाय न्हवं," एवढंच तो म्हणत होता.

शुद्धीवर आलो तेव्हा मनगटाच्या वर बँडेज होतं. पुढं काही नव्हतं.

आमच्याकडे कापलेला हातपाय नातेवाईक दवाखान्यातून मागून घेतात आणि मीठ घालून पुरतात. पण आपल्याच जमिनीत. परक्याच्या जमिनीत पुरला तर माणसाला चैन पडत नाही म्हणतात. माझ्या हाताचं अण्णानंच केलं.

"कुठं पुरलास?" मी गुंगीतच विचारलं.

"आपल्या हिरीजवळ, आंब्याखाली. नारळ फोडलाय. तू झोप."

पुढं एकदा ड्रेसिंग करताना डॉक्टर बोलून गेले, "पुण्याला नेलं असतं तर अंगठा आणि दोन बोटं कदाचित वाचली असती. खात्री नव्हती, खर्चही मोठा... तुमच्या भावाला सांगितलं होतं मी. ते म्हणाले, घरात पैसा नाही."

ब्रश धरायला तेवढीच तीन बोटं लागतात! पण मला अण्णाचीच कीव आली. केवढं ओझं घेऊन फिरत असेल बिचारा... घरी आल्यावर उलट मीच त्याची समजूत काढली. तो खाली मान घालून ऐकत होता.

पेंटिंग सुटलं, मी गावीच राहिलो. आणि नसलेला हात जाणवायला लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतंच, नसांना हात गेल्याचं कळत नाही. मला पटलं. बोटांना खाज सुटायची, ते ठीक. पण पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी त्या हाताला कुदळीचे हादरे बसायला लागले. मग बोटांवर ओलं, गार काहीतरी पसरलं आणि आवळत आवळत घट्ट झालं. मग नुसतं वजन. न राहवून आंब्याखाली जाऊन पाहिलं. जमीन जशीच्या तशी होती, वर गवत माजलेलं.

त्याच सुमारास अण्णानं कराडला लागून, मलकापुरात घर बांधायला काढलं होतं. "सासऱ्यांनी जागा दिली, आन् पैसंबी," असं त्यानं सांगितलेलं. मी बघायला येतो म्हटलं तर म्हणाला, "धुळीत कशाला? वास्तुशांतीलाच ये."

गेलो. दाराला छान दगडी पायरी होती. पाहुणे आत जात होते, मी रस्त्यात उभा होतो, आणि पायरीवर पडणाऱ्या प्रत्येक पावलासरशी माझी बोटं चेंगरत होती. योगायोग असेल म्हटलं. मग मी स्वतः पाय ठेवला... आणि माझ्याच बोटांवर माझं वजन पडलं. ओरडलोच मी.

अण्णा धावत आला. "काय झालं रं?"

"अण्णा, माझा हात कुठं पुरलास?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल. लोकं हायत."

"हिथंच ना?"

"गाव लय लांब पडत हुतं रं... तसाच घिऊन कुठवर हिंडू? आपल्याच जागंत पुरायचा आसतो, म्हणून हिथं..."

"म्हंजी तवाच ही जागा आपली हुती?"

त्यानं दाराकडं पाहिलं. दारात वहिनी उभी होती, तिनं मान वळवली. त्यावरूनच कळलं, सासऱ्यांनी काही दिलेलं नव्हतं. गुळाच्या आणि माझ्या पाट्यांच्या पैशातून जागा आधीच घेऊन झाली होती. आणि हा माणूस डॉक्टरला सांगत होता, घरात पैसा नाही!

"जागा इकली आसती, तरी हात वाचला आसता कशावरनं?" तो शेवटी म्हणाला.

कशावरनं, ते मलाही माहीत नाही. पण हात माझा होता, अण्णा. मला विचारायचं तरी होतंस.

न जेवता परतलो, तो पुन्हा त्या घरी गेलो नाही. डाव्या हातानं रंगवायला शिकलो. जमिनीतल्या हाताचं मला गावात कसं कळतं, याचं उत्तर कुणाकडे नाही. डॉक्टर नसांपर्यंतच सांगतात. पावलं अजून जाणवतात — वहिनीचं भरभर, पोरांच्या उड्या, दूधवाल्याचं जड.

अण्णाचं पाऊल मात्र त्या दिवसानंतर एकदाही पडलेलं नाही. वहिनी लग्नाकार्यात भेटली तेव्हा म्हणाली, वास्तुशांतीपासून तो मागच्या दारानंच जातो-येतो.