कड धरा

देवरावकाका पाण्यात उतरायच्या आधी सगळ्या तलावाला आवाज द्यायचे. लुंगीची नीट घडी करून बाकावर ठेवायची, काठावर उभं राहायचं आणि खणखणीत ओरडायचं, "आलो रे, कड धरा!" मग पंचाहत्तरीला टेकलेला तो माणूस असा काही मुटका मारायचा, की बाकावरच्या आमच्या पिशव्या भिजायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचीच काळजी वाटली होती.

मी परभणीत शाळेत शिकवते. स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली आणि डॉक्टरांनी बजावलं, रोज पाण्यात चाला, नाहीतर पाय आखडून बसेल. माझा वर्ग वरच्या मजल्यावर. रजा संपत आलेली आणि मला जिन्याची एक पायरी चढवत नव्हती. त्यात पाण्याची लहानपणापासून धास्ती. पण आमच्या कॉलनीजवळच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची वेगळी वेळ होती. नंदाताई लहानशा स्पीकरवर गाणी लावून उथळ पाण्यात व्यायाम घ्यायची. तिच्या भरवशावर मी जाऊ लागले.

महिनाभरातच तलावावरचा एक जीवरक्षक नोकरी सोडून गेला. सकाळी एकच तास तलाव उघडणार, बायका आणि पोहणारे एकत्र, असं ठरलं. पहिल्याच दिवशी व्हायचं तेच झालं. पोहणारे भिंतीला शिवायला उथळ बाजूला येत आणि आमच्या रांगेत घुसत. एकाची लाथ माझ्या कमरेत बसली, पाय निसटला आणि मी पाण्याखाली गेले. नंदाताईनं बाहेर काढलं तेव्हा नाकातोंडात पाणी आणि डोळ्यांत भीती. बाकावर बसून मी तिला म्हटलं, "उद्यापासून मी येणार नाही. वर्गाचा जिना चढायचा राहिला तर राहिला."

शेजारी अंग पुसत उभे असलेले देवरावकाका वळले. "कामून येणार न्हाई?"

"काका, हे पोहणाऱ्यांचं पाणी. आमची मेली अडचणच."

"पाणी कुणा एकाचं ऱ्हातंय व्हय, बाई? आमच्या वालूरच्या मळ्यात हिरीवर मोट चालायची. मोट खाली आली की आमी पवणारी पोरं गपगुमान कड धरायचो. भरून वर गेली की पाणी पुन्ना आमचं. पिकाला बी पाणी भेटायचं, आमाला बी. तुमी उद्या या. बगतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना काठावर बोलावून कायदा सांगितला. नंदाताईचं गाणं वाजतंय तोवर मोट खाली आहे असं समजायचं, पोहणाऱ्यांनी कड धरायची. गाणं संपलं की बायकांनी कड धरायची, पाणी पोहणाऱ्यांचं. एका तरण्या इंजिनियरनं कुरकुर केली, "काका, आमचा व्यायाम व्यायाम नाही का?"

"हाय की. पर तुला जिना चढता येतो. बाईला येत न्हाई."

इतकं बोलून ते स्वतःच आधी भिंतीला जाऊन चिकटले. सबंध तास पाणी कापत राहणारा माणूस त्या दिवसापासून निम्मा वेळ नुसता उभा राहू लागला. म्हणून काही ते संत झाले नव्हते. डोक्याला तेल लावून आलेल्या बाईला म्हणायचे, "भजे तळायचे हायेत का तलावात?" एकदा नंदाताईनं मुद्दाम भलं लांबलचक भजन लावलं. काकांनी बराच वेळ सबुरीनं घेतलं आणि मग पलीकडून ओरडले, "ओ ताई, ही मोट हाय का टँकर?" दोन्ही काठांवरची माणसं खदखदून हसली. भांडण तिथंच अर्धं मिटलं होतं असं मला वाटतं.

रजा संपली त्या दिवशी मी कठडा धरून, थांबत थांबत, पण माझ्या पायांनी वर्गात पोचले. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन तलावावर गेले. काकांनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले. "चढलात ना? आता पवायला शिका." ते मात्र मला जमलं नाही.

पुढं त्यांच्या हृदयानं कुरबूर सुरू केली. मुटका बंद, खोल पाणी बंद. दोन दिवस ते बाकावर तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी नंदाताईच म्हणाली, "काका, या आमच्या मोटेत." ते लाजत उतरले आणि माझा हात धरून बायकांच्या रांगेत चालू लागले. "लय बरं वाटायलंय, बाई," म्हणाले. "तवा कड धरली, ती आज कामाला आली." ज्या पाण्यात मी बुडाले होते तिथं आज त्यांना माझा आधार होता.

दिवाळीच्या आधी ते झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तलावावर आलो. नंदाताईनं गाणं लावलं, आम्ही कसाबसा व्यायाम केला. गाणं संपलं. आम्ही अलीकडची कड धरली, पण पलीकडून कुणीच पोहायला निघेना. तो इंजिनियरसुद्धा भिंतीला धरून खाली बघत होता. दोन्ही कडांना माणसं आणि मधलं पाणी रिकामं. आवाज द्यायला कुणी नव्हतं.

मग मी दिला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज काढून ओरडले, "कड धरली हाय रे, या आता!" आणि पलीकडून तो इंजिनियर पाण्यात झेपावला.