चिमाने कॅमेऱ्याला कुंकू लावलं तेव्हा

आमच्या शेजारच्या चिमाला एक खोड आहे. दसऱ्याला कोयता, विळी, पहार यांना सगळेच गंध लावतात. चिमा तिथे थांबत नाही. मिक्सर झाला, लाइटचा मीटर झाला, माझं ब्लडप्रेशरचं यंत्रसुद्धा मागून नेते. "राबतंय ना बिचारं, मग त्याला मान नको?" म्हणते. एकदा पोस्टमन पडवीत पाणी पीत बसला होता, तेवढ्यात त्याच्या मोटरसायकलच्या दिव्याला लावून मोकळी.

यंदा पाळी आली कॅमेऱ्याची.

हा कॅमेरा तिच्या मुलाने, विनीतने, गणपतीत येऊन पडवीच्या वाशाला बसवला. तो डोंबिवलीला असतो, चिमा इथे एकटी. जाताना तो बजावून गेला, "आई, यात तू नीट दिसत राहायला हवीस. नाहीतर दिवाळीला येऊन तुला घेऊन जाईन." डोंबिवलीचं चिमाला नावसुद्धा नको. मागे तिथे राहून आली होती. सातवा मजला, बोलायला माणूस नाही, म्हणून ही लिफ्टशी बोलायची. तिथला दसराही तिने सोडला नाही. लिफ्टच्या सगळ्या बटणांना कुंकू! सोसायटीची माणसं दारात येऊन उभी राहिली.

तर दसऱ्याला सकाळी तिने काठीला चिंधी बांधली आणि कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर ओलं कुंकू टेकवलं. मग अंगणात पाय पसरून कुळीथ पाखडायला बसली.

तिकडे विनीतने बघितलं तर मधोमध सगळं लाल. त्याला वाटलं, चित्रच हलक्या दर्जाचं येतंय. त्याने तिथूनच चित्राचं सेटिंग चढवलं, मोठ्यात मोठं. आमच्या गावचं नेट ते! एवढं ओझं त्याला कुठलं झेपतंय? चित्र जागच्या जागी थिजलं. आणि थिजलं ते असं, की मध्ये लाल डाग आणि त्याच्या खालून बाहेर आलेले आईचे दोन पाय. हलतच नाहीत.

माझा फोन वाजला. "आनंदीकाकी, आई फोन उचलत नाय! अंगणात पडलीय! रक्त दिसतंय!"

माझ्या हातातला आमटीचा डाव खाली पडला. धावत दोन घरांमधल्या गडग्यापाशी गेले. बघते तर चिमा कोंबड्याला शिव्या घालतेय.

"अरे, धडधाकट आहे. तोंड चालू आहे."

"पण मला पडलेलीच दिसतेय!" मग म्हणाला, "काकी, असं नाय चालायचं. दिवाळीला मी नेतोच तिला."

फोन स्पीकरवर होता, चिमाने ते ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "वयनी, ते चित्र आधी चालू कर गो," म्हणाली.

आता नेट तुंबलेलं, त्यामुळे विनीतला तिथून सेटिंग उघडेना. म्हणाला, घरातल्या वायफायवरून तुम्हीच करा. कॅमेऱ्याचं ॲप उघडलेला चिमाचा फोन माझ्या हातात, माझा फोन तिच्या हातात, आणि त्यातून विनीत ओरडतोय. मी अक्षर अक्षर लावून वाचत होते. मेन स्ट्रीम, सब स्ट्रीम.

"मेन स्ट्रीम, म्हणजे मुख्य चित्र, ते दाबा. आता रिझोल्यूशन कमी करा. म्हणजे चित्राचा आकार लहान."

केलं.

"आता फ्रेम रेट. एका सेकंदाला पंचवीस फोटो जातायत, ते दहा करा."

"पंचवीस?" चिमा फोनवर खेकसली. "माझ्या लग्नात अख्ख्या दिवसात एक काढलेला, त्यातपण मी निम्मीच आल्ये!"

माझं बोट कुठे घसरलं देव जाणे. विनीत किंचाळला, "काकी, घर उलटं झालं!"

"कौलं पडली काय बघ रे," चिमा म्हणाली.

ते सुलटं केलं. मग शेवटचं ते बिटरेट, म्हणजे नेटवरचं ओझं, खाली आणलं, आणि चित्र चालायला लागलं. चिमा इकडून तिकडे गेली की विनीतला बेडकासारखी उड्या मारत दिसायची, पण दिसायची.

"लाल डाग मात्र आहेच, काकी. कॅमेरा बिघडला वाटतं."

चिमाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. काठीच्या चिंधीने पुसायला गेली, तर वाळलेलं कुंकू सगळीकडे फासलं गेलं. मी नको नको म्हणेपर्यंत बाईने आंबे काढायची शिडी आणून वाशाला टेकवली. सत्तरीची बाई, सरसर वर. मी धावत जाऊन शिडी धरली. तिने पदर थुंकीने ओला केला आणि कॅमेरा खसाखसा पुसला.

आता त्या कॅमेऱ्यातूनच विनीतचा आवाज आला. "आई! शिडीवर चढलीस? खाली उतर आधी!"

"दिसत्ये ना नीट?"

"तुझ्या नाकातले केस दिसतायत! उतर!"

"दिवाळीला कशाला येणारेस तू?"

"तुला घेऊन जायला. बघ ना काय करून ठेवतेस!"

"मग मी इथंच बरी आहे." आणि तिने वाशाला मिठी मारली.

"आई, पडशील गो!"

"कशाला येणारेस?"

कॅमेऱ्यातून नुसती खरखर आली. मला वाटलं, परत थिजला.

"फराळाला येतो," तो हळूच म्हणाला. "फराळ करून एकटाच परत जातो. आता तरी उतर."

"काकीच्या समोर बोललास हां."

"हो गो बाय, हो!"

मग ती एकेक पायरी बघत उतरली. शिडी धरून माझे हात भरून आले होते, पण एवढा वेळ मी काही तिला उतर म्हटलं नव्हतं.