खांबेट्यांची हरकत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत श्रीधर खांबेटे हरकत घेतात. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ एरवी इतका गरीब, की भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तरी मुकाट घरी घेऊन येतो. पण पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून वार्षिक सभा भरली, की हाच माणूस उठतो आणि म्हणतो, "माझी हरकत आहे." रंगाला हरकत, पाण्याची टाकी धुण्याच्या वाराला हरकत. मग बाकीचे सगळे हात वर करून त्यांना पाडतात आणि चहाला मोकळे होतात. त्यांना या कामावर नेमलं कोणी? कोणीच नाही. कधीकाळी त्यांनी एक हरकत घेतली, लोक हसले, आणि पुढच्या सभेत सगळ्यांच्या माना आपोआप त्यांच्याकडे वळल्या. मला या प्रकाराचं भारी कुतूहल आहे.

यंदा विषय होता लिफ्टचा. खांबेटे राहतात तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या पत्नी आनंदीवहिनी गुडघ्यांमुळे दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. गॅलरीत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी वरूनच बोलतात. वाईट वाटतं हो. सभेला जाताना खांबेटे जिन्यात भेटले. म्हणाले, "आज मी तोंड उघडणार नाही. हिला शब्द दिलाय."

आणि खरंच गप्प बसले. सेक्रेटरी केयूरने विषय वाचला आणि सवयीने थांबला.

"बोला, खांबेटेकाका."

"मला काही म्हणायचं नाही."

सभेत चुळबुळ सुरू झाली. तळमजल्यावरच्या सुशीलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "खांबेटे गप्प? कुठेतरी पाणी मुरतंय." मग एकाला भिंतींना तडे जातील असं वाटू लागलं, दुसऱ्याला ठेकेदाराचा संशय आला. इतकी वर्षं शंका काढायचं काम एकट्या खांबेट्यांवर सोपवून सगळे निवांत होते. त्यांनी ते सोडताच जो तो शंका काढू लागला. शेवटी केयूर वैतागला. "मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! तेवढ्यात खांबेटे ताडकन उठले.

"माझी हरकत आहे! लिफ्टने माणसं आळशी होतात. जिने काय शोभेला बांधलेत?"

सभेचा जीव भांड्यात पडला. सुशीलाबाई तर कडाडल्याच, "तुमचं राहू द्या हो! त्या आनंदीताईंचे गुडघे बघा जरा!" भराभर हात वर झाले. लिफ्ट मंजूर, विरोधात एकटे खांबेटे.

आनंदीवहिनींनी वरून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतून त्यांचं एकच पालुपद, "आमच्या ह्यांनी कशी युक्ती केली, पाहिलीत ना?"

मी खांबेट्यांना गाठलं. "काय डोकं चालवलंत हो!"

त्यांनी आधी वर गॅलरीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"कसली युक्ती आणि कसलं काय! सगळे माझ्याकडे बघत होते, मला दरदरून घाम फुटला. उठलो कधी, बोललो काय, माझं मलाच कळलं नाही. खाली बसल्यावर आठवलं, की ही लिफ्ट हिच्यासाठी होती." मग ते म्हणाले, "तिला सांगू नका. मी ते तिच्यासाठी केलं, असं तिला वाटतंय."