हजार वॅटची इस्त्री

मगदूम बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की माणसांची विचारपूस करण्याआधी मिक्सर उलटा करायच्या. आम्ही राजारामपुरीतल्या त्या इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यात त्या समोरच्या फ्लॅटमधून आल्या, चहा नको म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. चष्मा लावून त्यांनी मिक्सरच्या बुडावरची पट्टी वाचली.

"पाचशे वॅट. लाईट दोनशे तीस व्होल्ट. करंट किती? भाग बघू."

मी कागलच्या एमआयडीसीत अकाउंट्सला होते. भागाकाराची भीती नव्हती, पण स्वतःच्याच ओट्यापाशी तोंडी परीक्षा द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं. "दोन पॉइंट काहीतरी," मी म्हणाले.

"काहीतरी म्हंजे किती? काहीतरी पगार घेतीस काय?"

बाई गडहिंग्लजकडच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेनं सोडलं तरी बाईंनी शाळा सोडली नव्हती. रागावल्या की कानडीत पाढे म्हणायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "व्होल्टेजला करंटनं गुणलं की वॅट, भागलं की रोध. एवढं आलं की संसाराला पुरतंय." इमारतीतल्या यच्चयावत मिक्सर, गीझर, इस्त्र्यांचे आकडे त्यांना पाठ होते. माणसांची नावं मात्र त्या विसरायच्या.

माझे सासरे, अण्णा, फुफ्फुसाच्या आजारानं अंथरुणाला खिळले आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. बाईंनी आधी मशीन कलतं करून वाचलं. "दीड अँपियर. म्हंजे साडेतीनशे वॅट. अण्णा, तुम्ही पडल्या पडल्या चार-पाच पंख्याइतकी वीज खाताय की!" अण्णा किती दिवसांनी हसले.

एकदा सकाळी कोपऱ्यावरचा डीपी उडाला आणि सगळ्या गल्लीची लाईट गेली. पार्किंगमधला छोटा जनरेटर सुरू झाला. त्यावर प्रत्येक घरी ट्यूब आणि पंखा, शिवाय आमचं मशीन, एवढंच चालवायचं ठरलेलं. पण थोड्या वेळानं जनरेटर बंद पडला आणि मशीन टीं टीं ओरडायला लागलं. नवऱ्यानं पळत जाऊन तो सुरू केला, तर पुन्हा बंद. घरात राखीव सिलिंडर होता तो लहानसा, आणि त्याचा काटा खाली चालला होता. अण्णांचे निळसर ओठ बघून मी समोरचं बाईंचं दार ठोठावलं.

बाई त्यांचं मीटर घेऊन खाली उतरल्या. वायरीला चिमटा लावून करंट सांगणारं ते मीटर त्यांनी निवृत्तीच्या समारंभात शालीऐवजी मागून घेतलं होतं. जनरेटर पुन्हा सुरू केला. आकडा साडेसहावर होता, एकदम दहा पॉइंट आठवर गेला. मग आपोआप उतरला, पुन्हा चढला आणि जनरेटर बंद.

"चार पॉइंट तीन वाढला. गुणिले दोनशे तीस, हजार वॅट," बाई जिना चढत म्हणाल्या. "गीझर असता तर दुप्पट खाल्लं असतं. मिक्सर एवढा वेळ फिरत न्हाय. हे आपलं आपणच बंद हुतंय, आपलं आपणच चालू हुतंय. इस्त्री! अन् हजाराची इस्त्री हितं एकाचीच हाय."

इमारतीचे चेअरमन चौगुले यांनी बनियनवर दार उघडलं. "आमच्यात पंख्याबिगर काय बी चालू न्हाय. चेअरमन हाय मी!"

"चेअरमन किती वॅटचा असतोय मला म्हाईत न्हाय. इस्त्री दाखवा."

"ती कवाची बंद पडलीया," म्हणत त्यांनी कपाटातून इस्त्री काढली. बाईंनी तिची चकती शेवटपर्यंत फिरवली आणि प्लगच्या पिनांना मीटरच्या सुया टेकवल्या. "त्रेपन्न ओहम. दोनशे तीस भागिले चार पॉइंट तीन किती? तेवढंच. हीच ती."

इस्त्री इतकी तापलेली होती की वर पापड भाजला असता. "बाई, हात लावला असता तरी कळलं असतं की," मी म्हणाले.

"हात नुसतं गरम हाय म्हणून सांगतोय. किती, ते सांगत न्हाय."

चेअरमन वरमले. "लाईटच्या ऑफिसात भांडायला निघालतो. चुरगळलेल्या सदऱ्यात कोण ऐकून घेतंय माणसाचं?"

बाईंनी त्यांना दंडाला धरून आमच्या घरात आणलं आणि अण्णांसमोर उभं केलं. मग सिलिंडरच्या काट्यावर बोट ठेवलं. चेअरमननी घरी जाऊन तो चुरगळलेला सदरा तसाच अंगात घातला आणि निघाले. नवऱ्यानं खाली जनरेटर लावला, तो या वेळी चालूच राहिला. दुपारी लाईट आली. अण्णा त्यातून निभावले आणि पुढं बरेच दिवस आमच्यात राहिले.

अण्णा गेल्यावर ते मशीन आमच्याकडे पडून होतं. मग बाईंचीच छाती भरायला लागली आणि ते समोरच्या फ्लॅटमध्ये गेलं. आकडा पाठ असूनही बाईंनी मला ते कलतं करायला लावून पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून चेअरमन चुरगळलेल्या कपड्यांत हिंडायला लागले. ऐकून बाई वैतागल्या आणि त्यांना बोलावून घेतलं.

"अहो, जनरेटरचं येगळं. ही मेन लाइन हाय. दहा इस्त्र्या लावा, मला काय बी हुत न्हाय. भागून दाखवू?"

"ऱ्हाऊ दे बाई. तुमचा हिशेब बरोबरच असणार," चेअरमन म्हणाले. "पर उगं कशाला?"

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं रागावल्या, पण त्या डोळे पुसत होत्या. आयुष्यात चुकीचं उत्तर त्यांनी बिनतक्रार सोडून दिलं ते हे एकच.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. मशीनचं बटण मीच बंद केलं. अंत्यविधीला सगळी इमारत आली होती. चेअरमनचा पांढरा सदरा कॉलरपासून खालपर्यंत चुरगळलेला होता.

"आता इस्त्री लावायला हरकत नव्हती की, काका," मी हळूच म्हणाले.

"प्लग लावला हुता," ते म्हणाले. "पर बटनाकडं हातच गेला न्हाय, ताई."