माझ्या बायकोचा माफीनामा मी लिहिला

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार होता. पुढच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि द्राक्षरसाच्या कपांचा ट्रे झाकून ठेवलेला. टेबलाशेजारी माझी बायको विमल उभी. तोंड मंडळीकडं. डोक्यावर पदर. हातात एक कागद.

कागद तिचा माफीनामा होता. अक्षर माझं होतं.

"वाचा बाई," पाळकसाहेब म्हणाले.

तिनं वाचलं नाही. वर पंखे फिरत होते, कागद थरथरत होता. तिचा हात मात्र स्थिर होता.

"वाचता येत नाही की काय?" पहिल्या बाकावरून मंडळीचे सेक्रेटरी साहेब म्हणाले. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. मागं तीन-चार जण हसले. विमल सातवी पास आहे.

मग पाळकसाहेबांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि माईकसकट माझ्यापुढं धरला. "कुटुंबाचं मस्तक तुम्ही. तुम्ही वाचा."

मी उठलो. वाचलं.

"मी माझ्या तापट स्वभावामुळे मंडळीच्या आदरणीय वडीलजनांवर खोटा आळ घेतला. त्यांना इजा केली. मी देवाची आणि मंडळीची क्षमा मागते."

सेक्रेटरी साहेब उठले. मोठ्या मनानं क्षमा केली. म्हणाले, "जाऊ द्या. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी मांगवाड्याचं वळण जायला वेळ लागतो. आपण समजून घ्यायचं."

मंडळी 'आमेन' म्हणाली. मीही म्हणालो. सवयीनं.

ट्रे फिरला. विमलनं कप घेतला नाही, ट्रे शेजारणीकडं सरकवला. माझ्यापुढं आला तेव्हा मी घेतला. प्यालो. घशाखाली उतरला. तेच अजून आठवतं, की तो सहज उतरला.

मी पन्नाशीचा माणूस आहे. सोलापुरात आमच्या मंडळीचं मुलींचं बोर्डिंग आहे. तिथं मी एकवीस वर्षं क्लार्क होतो. विमल तिथंच स्वयंपाक करायची. बोर्डिंगच्या मागं दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. आमचं मूळ गाव मोडनिंबच्या अलीकडं. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना वाटलं, मांगवाडा सुटला. सेक्रेटरी साहेबांचं घराणं आमच्या आधीचं ख्रिस्ती. शिकलेलं, बंगल्यातलं, मिशनऱ्यांच्या पंगतीतलं. मंडळीत त्यांचा मी 'भाऊ'. ऑफिसात 'ए'. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर 'भाऊ' म्हणतात याचंच कौतुक होतं.

त्या रविवारच्या आठ दिवस आधीची गोष्ट. भर दुपार. मुली शाळेत. विमल ऑफिसच्या दारात आली. हातात उलथनं तसंच.

"अहो, त्या सेक्रेटरीनं कोठीचं दार लावलं आन् माझा हात धरला. हितं." तिनं दंड दाखवला. चार बोटं उमटलेली. "मी उलथनं हाणलं. तव्यावरचं तापलेलं हुतं."

मी काय विचारलं? तेही लिहितो. लपवायचं असतं तर हे लिहायलाच बसलो नसतो.

आधी विचारलं, "कुणी बघितलं का?"

मग विचारलं, "साहेबांना लई लागलं का?"

तिनं पदर दंडावर ओढून घेतला. मी उठून दार लावून घेतलं आणि म्हणालो, "आपण प्रार्थना करू." तिला गुडघे टेकायला लावले. मी मोठ्यानं प्रार्थना केली की देवा, हिला शांत स्वभाव दे.

तीन दिवसांनी पंचकमिटीची चिठ्ठी आली. मंडळीपुढं माफी, नाहीतर काम आणि खोल्या सोडा. पंचांनी विमलला बोलावलं नाही. मला बोलावलं. नवऱ्याला विचारलं की बायकोला विचारल्यासारखं होतं, हा आमच्याकडचा रिवाज. मीही तो मोडला नाही. पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत हो म्हणालो. "मजकूर तूच लिही, तुझं अक्षर चांगलं," सेक्रेटरी साहेब म्हणाले. आणि खरं सांगतो, त्या कौतुकानं बरं वाटलं.

त्या रविवारी घरी आलो. विमलनं ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कालवण. वाटलं, आता रडेल, भांडेल. ती म्हणाली, "जेवा. गार हुईल." पुढचे सात महिने ती माझ्याशी बहुतेक एवढंच बोलली. जेवा. पाणी आलंय. पाऊस येईलसं वाटतंय.

मी स्वतःची समजूत घालत राहिलो. आमचा प्रभूही रोमी सुभेदारापुढं गप्प उभा राहिला, मारणाऱ्यांना उलट बोलला नाही. मग मी गप्प राहिलो तर काय चुकलं? ही लबाडी मी रोज करायचो, आणि ती करताना शास्त्र मांडीवर उघडं असायचं. पत्नीनं अधीन राहावं, हे मला लग्नाआधीपासून पाठ. त्याच्याच खाली नवऱ्याला सांगितलंय की मंडळीसाठी ख्रिस्तानं जीव दिला, तसा तू बायकोसाठी दे. ते मी वाचायचो आणि पान उलटायचो. जीव कोण मागत होतं? खोल्यांची किल्ली टाकायची होती फक्त.

आणि प्रभू गप्प राहिला तो स्वतःवरच्या मारापुढं. व्यभिचारात धरलेल्या बाईला धोंडे मारायला गाव जमलं तेव्हा तो गप्प नव्हता, तिच्या बाजूला थांबला. मी आदामाच्या जातीचा. देवानं जाब विचारला तेव्हा त्यानं बायकोकडं बोट केलं. मी तर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

जूनमध्ये बोर्डिंगात मुली वाढल्या. स्वयंपाकघरात दुसरी बाई घेतली. सुगुणा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली, तिशीची, नवरा वारलेला. मराठी तोडकं. विमलला 'अक्का' म्हणायची. पंधरा दिवसांत सेक्रेटरी साहेबांना कोठीची काळजी वाटू लागली. दुपारी यायचे. डाळीला कीड लागली का बघतो म्हणायचे.

माझ्या ऑफिसच्या खिडकीतून कोठीचं दार दिसतं. त्यांची गाडी फाटकात आली की विमल चूल सोडायची, परात घ्यायची आणि कोठीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. साहेब गेले की उठायची. रोज. मी ते महिनाभर बघितलं. बघत होतो आणि हजेरीपट भरत होतो.

एकदा धीर करून तिला विचारलं, "तू कशाला तिथं बसतीस? परत काहीतरी होईल."

ती तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "तिला नवरा न्हाय. मला बी न्हाय. पर मला सवय झालीय."

तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. राग नव्हता. दळण संपलंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मी कोठीपाशी गेलो. विमल उंबऱ्यावर. आत सुगुणा, भिंतीला चिकटलेली. साहेब विमलला म्हणाले, "काय बाई, पुन्हा माफी मागायची हौस आलीय?" मग माझ्याकडं वळले. "काय रे, पेनात शाई आहे ना?" आणि हसले. माझ्या तोंडावरही हसू येऊ लागलं. साहेब हसले की हसायचं, एकवीस वर्षांचं वळण. ते हसू मी तोंडातच चावलं. दारात विमलशेजारी जाऊन उभा राहिलो.

"शाई हाय. कागद देणार न्हाय," मी म्हणालो. गावची भाषा तोंडात कशी आली, कळलं नाही.

साहेबांनी गाडीची किल्ली काढली. "बघतो तुला," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, आता विमल काहीतरी म्हणेल.

"सरका की. उजेड अडतोय," ती म्हणाली. तांदूळ निवडत राहिली.

संध्याकाळी मी तिला सांगितलं, रविवारी मंडळीपुढं सगळं सांगणार. ती सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बसली.

"माझ्या वतीनं बोलू नगा. एकदा बोलला तेवढं बास झालं. तुमचं तुमी बोला. माझं मी बगीन."

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सांगतात, आपापली अंतःकरणं तपासा. मग दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत मी उभा राहिलो.

"सात महिन्यांपूर्वी मी इथं एक कागद वाचला. तो खोटा होता. खोटा आहे हे लिहितानाच मला माहीत होतं. माझी नोकरी आणि दोन खोल्या वाचवायला मी तो लिहिला. ते पाप माझ्या बायकोचं नाही. माझं आहे."

"खाली बस!" सेक्रेटरी साहेब ओरडले. "लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणून उभा आहे."

"भाऊ, भाऊ," पाळकसाहेब म्हणाले, "देवाच्या घरात ही घाण नको."

तेव्हा बायकांच्या बाजूनं विमल उठली. शेजारची म्हातारी तिचा पदर ओढत होती. "घाण कोठीत येती, पाळकसाहेब," ती म्हणाली. "दुपारच्याला. गाडीतनं."

कुणी आमेन म्हणालं नाही. सुगुणा मान खाली घालून बसून राहिली. तिला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी सात महिने बसलो होतो.

आठवड्यात खोल्या रिकाम्या केल्या. माझं प्रभुभोजन बंद झालं. आता मी एका टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो, विमल भाकरीच्या कामाला जाते. तिनं पोलिसात तक्रार दिली. तिच्या तोंडानं, तिच्या शब्दांत. मी बाहेर बाकावर होतो, कारण ती म्हणाली बाहेर बसा. मग मला आत बोलावलं. फौजदार मॅडमनी विचारलं, "माफीनामा त्यांच्याकडं आहे म्हणता? म्हणजे तुमच्या बायकोविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तुमच्याच हातचा?"

"व्हय," मी म्हणालो.

मागच्या महिन्यात पाळकसाहेब घरी येऊन गेले. सलाम केला, चहा घेतला. म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच सांगा, की नीट आठवत नाही. मंडळीचं नाव जाईल हो."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "कोठीचं दार लावलं त्याच दिवशी ते गेलं."

विमलनं मला क्षमा केलेली नाही. मी मागितलेलीही नाही. तिच्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही.

केस उभी राहील तेव्हा त्यांचा वकील भर कोर्टात मला विचारणार. तेव्हा खोटं लिहिलंस की आता खोटं बोलतोस? तू खोटारडा आहेस का? भित्रा आहेस का? बायको विकून खोल्या राखणारा आहेस का?

मी हो म्हणणार. तेव्हा खोटं लिहिलं. भ्यालो म्हणून लिहिलं. मंडळी मागं बसून ऐकत असली तरी म्हणणार. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा म्हणणार, विमलचं खरं ठरेपर्यंत.