सोयऱ्यांकडे गेलेला जिताडा

ती घटना आजही मासळीबाजारात शिरलो की आठवते. घरी मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की मी 'जिताडा' एवढं म्हटलं तरी सून कुकर लावायला उठते. म्हणून लिहून काढतो आहे. वाचकही उठून जाईल कदाचित, पण ते मला दिसणार तरी नाही.

पनवेलजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका सकाळी दोन कुटुंबं भांडतच आत आली. एकाचं कपाळ फुटलेलं, दुसऱ्याचा शर्ट फाटलेला. आमच्या खाडीकडच्या गावांत घराला लागून तळं असतं आणि त्यात जिताडा मासा वाढवतात. लग्न ठरलं की मुलीचा बाप तळ्यातला मोठा जिताडा सोयऱ्यांकडे पाठवतो. या बापानेही पाठवला होता. तिकडे तो कापला, तर पोटात रंगीत प्लास्टिक निघालं. आपला अपमान केला म्हणून मुलाकडचे थेट अंगणात येऊन भिडले होते.

ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून मोकळा होणार होता. मीही हसू दाबत होतो. तेवढ्यात मुलाच्या काकाने सोबत आणलेली पिशवी टेबलावर उलटी केली आणि माझं हसू गेलं. निळा-लाल चुरा, सगळा एकाच जाडीचा. घरच्या कचऱ्यात असा चुरा नसतो. तो कारखान्यातल्या यंत्राखाली पडतो. कारखान्याने तो नोंदणी असलेल्या प्रक्रिया केंद्राकडेच द्यायचा, उघड्यावर टाकायचा नाही की पुरायचा नाही, असा नियम आहे. मग तो या माशाच्या पोटात कसा गेला?

तळ्यालगत मुलीच्या बापाचीच खारजमीन होती आणि तिच्यावर गेल्या दोनेक वर्षांतला भराव दिसत होता. पंचांसमोर खणलं. वर लाल मातीचा थर, खाली प्लास्टिकच प्लास्टिक. पावसात तेच वाहून तळ्यात उतरत होतं. प्रदूषण मंडळाच्या माणसांनी नमुने सीलबंद केले आणि मी बापाला चौकशीला बसवलं.

"माती टाकाय जागा दिली व्हती, सायेब. खाली काय टाकलं ते मना म्हाईत नाय," याच्यापुढे तो जाईना. माणूस वाईट वाटत नव्हता. फुकट भराव मिळाला तर जमीन वर येते, घर बांधता येतं, म्हणून बरेच जण असं करतात. मी माझी ती नजर रोखून पाहिली. खात्यात तिचा दरारा होता. बायकोच्या मते मला तेव्हा पित्त झाल्यासारखं दिसतं. तिचाही त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

दुपारी त्याची मुलगी डबा घेऊन आली, लग्न ठरलेली तीच. डब्यात माशाचं कालवण होतं. वास चांगला सुटला होता, म्हणून मी सहज विचारलं, तळ्यातला का?

"नाय, बाजारातला हाय," ती म्हणाली. "बाबा तळ्यातला खात नाय. दोन पावसाळं झालं, आमाला पन खाव देत नाय."

बापाने डबा बंद केला. आपण काय बोललो ते पोरीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. ती भिंतीला टेकली, रडली मात्र नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्याच टेम्पोला त्याने आतला माल पाहिला होता. टेम्पो कोणाचे, दलाल कोण, कारखाना कुठला, जबाबात सगळं आलं. मला एकच कळत नव्हतं. माहीत होतं, तर तो मासा लेकीच्या सासरी का पाठवला?

"सोयऱ्यांला विकतचा देऊ? गावात तोंड कसं दाखवू मी?"

दलालाला अटक झाली. कारखान्याने कचरा ठेकेदाराकडे दिल्याचे कागद दाखवले आणि तो नोटिसांना उत्तरं देत बसला. बापही आरोपी झाला. खटला अजून चालू आहे. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. प्लास्टिक कोणी उपसायचं ते ठरेना, म्हणून ते अजून तिथेच आहे. तळं तेवढं बुजवलं.

नोकरीभर मी माणसांना कायद्याची भीती घालत आलो. त्या माणसाला कायद्याची भीती फारशी नव्हतीच, त्याला लाज होती ती मासा विकत घेण्याची. जमिनीखाली काय पुरलंय याची लाज त्याला शिवली नव्हती, कारण ते कोणाच्या ताटात दिसत नव्हतं. गुन्हा घडतो तो बहुतेक अशाच जागी, जिथे लाज पोचत नाही, हे मला निवृत्तीच्या तोंडावर समजलं. माझा वेग तेवढाच.

परवा पनवेलच्या मासळीबाजारात तो भेटला. केस पांढरे झालेत. मुलीचं लग्न उशिरा का होईना, उरणकडे झालं होतं. हातातल्या पिशवीतून जिताड्याची शेपटी बाहेर आली होती. त्याने ती आत ढकलली.

"जावयाकडं चाललाय," तो हळूच म्हणाला. "सायेब, विकतचा हाय ते कोनाला बोलू नका."

मी मान हलवली. पिशवी छातीशी धरून तो निघाला. शेपटी पुन्हा बाहेर आली होती.